बारा वाजता उघडणारी धावपट्टी

विमानं आमच्या गावावरून घिरट्या घालतात, हे मला आईनं सांगितलं. मुंबईत विमानांना वाट देण्याच्या नोकरीला लागून मला तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. पूर्वेकडून येणाऱ्या विमानांना थांबवून ठेवायची जागा जुन्नर-आंबेगावच्या वर कुठंतरी पडते, हे नकाशावर रोज दिसायचं. पण आमच्या नकाशावर गावं नसतात, अंश असतात आणि मैल असतात. त्यातला एखादा मैल म्हणजे अवसरीतलं आमचं कांद्याचं रान, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आई कांदे काढत होती. मी दोन दिवसांच्या सुट्टीवर आले होते आणि नुसती बांधावर बसले होते. वाकायचं त्राण नव्हतं. आमच्या पाळ्या अशा असायच्या की सुट्टीचा पहिला दिवस झोपेत जायचा आणि दुसरा परतीच्या एसटीत.

आई वर न बघताच म्हणाली, "त्यो आला बघ परत."

"कोण?"

"इमान. मगाधरनं तिसरी खेप हाय त्याची. नारायणगावाकडं जातंय, वळतंय, परत येतंय. काय हारवलंय का त्याचं हिथं?"

मी वर पाहिलं. पांढरा ठिपका सावकाश वळत होता. त्याच्या खाली, थोडं मागं, आणखी एक होता. मी तिला सांगितलं की खाली उतरायला जागा नसली की त्यांना असं फिरत ठेवतात. एकावर एक, मजल्यांसारखं. खालचा उतरला की वरचा एक मजला खाली येतो.

"कोण ठिवतंय?"

"आम्हीच. मी पण ठेवते."

आईनं विळा खाली ठेवला. "मंग जागा न्हाई त्ये आधी म्हाईत नसतंय का? निघायच्या आधी इचारायचं. रिकामं फिरून तेल जाळायचं म्हंजी काय."

"इतकं सोपं नसतं आई," मी म्हणाले. ते इतकं अवघड का होतं, हे मला तिला सांगता आलं नसतं. मला स्वतःलाही नीट माहीत नव्हतं.

आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. नात्याच्या नव्हत्या. पण आमची घरं एका भिंतीची, आणि दोन्ही घरचे आजोबा एकाच दिवशी एकाच ट्रकमध्ये बसून धम्मदीक्षेला गेलेले. त्यामुळे नात्यापेक्षा जास्तच. मावशींना एकुलता एक मुलगा. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, फौजेत. मी त्याला दादा म्हणायचे. मंचरच्या शाळेत माझं नाव घातलं तेव्हा पहिलं वर्षभर त्यानंच मला सायकलवर पुढं बसवून नेलं होतं. पुढं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला पुण्याला गेले, तो भरती झाला, आणि आमची गाठ वर्षातून एकदा पडली तर पडायची. मला नोकरी लागल्यावर गावात ज्याला त्याला मावशी सांगायच्या, "आमची पोरगी इमानं चालवती." मी दरवेळी म्हणायचे, चालवत नाही मावशी, फक्त थांबवते. त्या हसायच्या. त्यांना तो विनोद वाटायचा.

आईनं ती विमानं दाखवली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुंबईच्या धावपट्टीचं काम निघालं. दोन धावपट्ट्या एकमेकींना जिथं छेदतात नेमकं तिथलंच काम, त्यामुळे दोन्ही बंद ठेवाव्या लागायच्या. काही आठवडे रोज सकाळी दहा ते बारा काहीही उतरणार नाही आणि काहीही उडणार नाही, असं महिनाभर आधी सगळ्या कंपन्यांना कळवलेलं होतं. कुणालाही अंधारात ठेवलेलं नव्हतं. तरीही रोज साडेअकरापासून चहूकडून विमानं यायला लागायची, आणि पावणेबाराला माझ्याकडं सात-आठ विमानं घिरट्या घालत असायची. कारण साधं होतं. जो आधी येऊन उभा राहील त्याचा नंबर आधी, हा नियम. मग बाराला पहिला नंबर लागावा म्हणून जो तो घाईनं यायचा आणि येऊन फिरत बसायचा. एसटी स्टँडावर गाडी लागायच्या आधीच लोक दाराच्या जागी उभे राहतात, तसं. फक्त इथं उभं राहायला तेल लागतं.

आम्ही प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी लिहायचो. कुठून आलं, किती उंचीवर आहे, कधी उतरेल. ती प्लॅस्टिकच्या पकडीत घालून समोरच्या उतरत्या फळीवर एकाखाली एक लावायची. सकाळच्या त्या दोन तासांत फळी भरून जायची. मानेच्या मागं एक ठणका बसलेला असायचा तो दुपारी जेवताना कळायचा. त्याआधी कळायला वेळच नसायचा.

त्या दिवशी कलकत्त्याहून येणारं विमान पावणेबाराच्या सुमारास माझ्याकडं आलं. त्याचा नंबर सातवा. मी त्याला थांबायला सांगितलं आणि कितीला उतरता येईल ती वेळ दिली. बाराला धावपट्टी उघडायची, पण रोलर बाजूला घेऊन झाडलोट होईपर्यंत वर दहा-बारा मिनिटं गेली. मग उतरायला सुरुवात झाली तर आखातातून आलेल्या एका विमानात रुग्ण होता, त्याला पुढं घ्यावं लागलं. कलकत्त्याच्या वैमानिकानं दोनदा विचारलं, आता किती वेळ? मी दोनदा नवी वेळ दिली. तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही. शांत आवाजात त्यानं सांगितलं की याहून जास्त थांबण्याइतकं इंधन नाही, तो अहमदाबादला जातोय. मी त्याला वाट दिली आणि त्याची पट्टी फळीवरून काढून घेतली.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मला पक्कं आठवतं, कारण पुढं कितीतरी वर्षं ते मला सोडून गेलं नाही. मला हायसं वाटलं. फळीवर एक कमी झालं, एवढंच वाटलं.

संध्याकाळी खोलीवर आले तर घरमालकीणबाईंनी निरोप दिला. गावाकडून वडिलांचा फोन होता. शेजारच्या मावशी काल दुपारी गेल्या. उन्हात सरपण आणताना चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी कॉटवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीची पाळी बदलून मिळेना. माझ्या जागी बसायला माणूसच नव्हता. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं, त्याला कशीबशी पोचले. कल्याणहून माळशेज घाटानं आळेफाटा, तिथून मंचर, मंचरहून वडापच्या जीपमध्ये नवव्या माणसाच्या मांडीवर बसल्यासारखी. कल्याणपासून ओतूरपर्यंत सगळा वेळ मी झोपलेली होते.

वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली. दादा आमच्या ओट्यावर येऊन बसला. डोकं भादरलेलं नव्हतं, आमच्यात ते करत नाहीत, पण दाढी वाढलेली होती आणि तो एकदम म्हातारा वाटत होता. आईनं त्याला चहा दिला. त्यानं तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"साहेबानं लई धावपळ केली माझ्यासाठी," तो म्हणाला. "रात्री निरोप आला, सकाळच्या इमानाचं तिकीट हातात. कलकत्त्याच्या छावणीतनं थेट विमानतळावर. म्हणलं, बाराला मुंबई, तिथनं जीप केली तर दिवस मावळायच्या आत घरी. हिथं पण फोन केला, मी येतोय, थांबा."

"थांबलो व्हतो की रं," आई म्हणाली. "बर्फ आणला व्हता डेअरीतनं. पण ऊन लई. तू न्हाई, तुझा निरोप न्हाई. मंग जाणती माणसं म्हणाली, दिवस बुडायच्या आत उरकू. तुझ्या चुलतभावानं अग्नी दिला."

"त्यांचं काय चुकलं न्हाई," दादा म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "तुला सांगतो, मी हिथं व्हतो. हिथंच, वर. इमान वळाय लागलं तवा खिडकीतनं खाली बघितलं तर खोडदच्या दुर्बिणीच्या त्या पांढऱ्या तबकड्या दिसल्या. म्हणलं, आरं, ही तर आपली बाजू. मंग येडगावचं पाणी दिसलं. घोड नदी दिसली. आन् परत वळलं, परत तबकड्या. चारदा बघितलं मी. आपलं घर काय दिसलं न्हाई, पण कुठं आसंल त्ये कळत व्हतं. शेजारच्या माणसाला सांगितलं, माझी आई हाय खाली. त्याला काय कळलं न्हाई. मंग घोषणा झाली का अहमदाबादला चाललोय."

अहमदाबादला इंधन भरून विमान परत मुंबईला आलं तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. तो गावात पोचला तेव्हा राखेत थोडी धग होती.

"तुमच्याकडं असं का करत्यात गं?" त्यानं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

मी म्हणाले, "धावपट्टीचं काम चालू आहे. गर्दी होते."

एवढंच म्हणाले. ते विमान माझ्याकडं होतं, थांब म्हणणारा आवाज माझा होता, हे मी सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण आई समोर होती, त्याचा चहा थंड होत होता, आणि मला वाटलं की आत्ता हे सांगून मी माझं ओझं हलकं करीन आणि त्याचं वाढवीन. खरं तर मला भीती वाटली. पुढं बरीच वर्षं मी पहिलं कारण खरं मानून चालले.

मुंबईत परत गेले ती आमच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिले. साहेब निवृत्तीला आले होते. डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, इतकी वर्षं त्या कानाला हेडफोन लावून लावून. मी त्यांना म्हणाले की विमानं पोचल्यावर थांबवण्यापेक्षा वाटेतच सावकाश यायला सांगितलं तर? नागपूरच्या पुढं असतानाच वेग कमी केला तर तेवढंच अंतर यायला त्यांना दहा मिनिटं जास्त लागतील, आणि आपल्याकडं तेवढ्या घिरट्या कमी होतील. वर उंचावर सावकाश उडताना जे तेल जातं ते खाली गोल फिरण्यापेक्षा कमीच.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुठल्याच नाही."

"बाई, विमान आपल्या हद्दीत आलं की आपलं. त्याआधी दुसऱ्याचं. दुसऱ्याच्या ताटात हात घालू नये." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या पाळीत करून बघा. मला विचारलं होतं असं कुणाला सांगू नका."

नागपूरला आमची थेट फोनलाइन होती. पलीकडं एक जण असायचा. त्याला मी कधी पाहिलं नाही, आजतागायत नाही. वैमानिकांशी सगळं इंग्रजीत चालायचं, पण फोनवर आम्ही मराठीत बोलायचो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं.

"सांगून देतो मी त्याले, मॅडम," तो म्हणाला. "पण तो हळू आला न् मागचा पुढं निंघून गेला, तर? मले शिव्या पडतीन."

"त्याचा नंबर मी राखून ठेवते."

"पक्कं?"

"पक्कं."

पहिल्याच दिवशी ते पक्कं राहिलं नाही. हैदराबादचं एक विमान आमच्या सांगण्यावरून सावकाश आलं. त्याचा नंबर मी तिसरा धरला होता. नेमकी त्याच वेळी माझ्या पुढच्या टप्प्यावर बसणाऱ्याची पाळी बदलली. मी सांगितलेलं त्यानं नव्या माणसाला सांगितलं नाही, आणि नव्यानं आपल्या नेहमीच्या रीतीनं जो आधी आला त्याला आधी घेतलं. हैदराबादचं विमान पाचवं उतरलं. अर्ध्या तासानं त्याच्या वैमानिकाचा खालून फोन आला. वयस्कर माणूस असावा.

"मॅडम, मी दोनशे मैलांपासून तुमचं ऐकत आलो," तो म्हणाला. "ज्यांनी ऐकलं नाही ते माझ्या आधी घरी गेले. आता उद्या मी काय करायचं ते तुम्हीच सांगा."

मी माफी मागितली. तो म्हणाला, माफीचं काही नाही, आणि फोन ठेवला. त्या दिवशी जेवणाचा डबा मी तसाच परत नेला.

चूक कुणा एकाची नव्हती. मी माझ्यापुरतं काहीतरी ठरवत होते आणि बाकीचं सगळं जुन्या नियमानं चाललं होतं. असलं काम एकटीच्या पाळीत होत नाही, सगळ्यांनी मिळून केलं तरच होतं. मी साहेबांकडं परत गेले. वाटलं होतं, ते म्हणतील सोडून द्या. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला एवढं काय लागलंय याचं?"

तेव्हा मी त्यांना मावशींचं सांगितलं. सगळं सांगितलं, हायसं वाटल्याचंही. माझ्या आईला सांगितलं नव्हतं ते या माणसाला सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उजवा कान माझ्याकडं करून बसले होते तो तसाच ठेवून म्हणाले, "मला पण वाटतं. दर वेळी वाटतं. ते वाटलं नाही तर ही खुर्ची चालवता येणार नाही." मग त्यांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि सगळ्या कंपन्यांच्या लोकांना परवा सकाळी बोलवा म्हणून सांगितलं.

ती बैठक चांगली तीन तास चालली. प्रत्येकाला आपलं विमान पहिलं हवं होतं. एकानं म्हटलं, आम्ही वेळेवर निघतो त्याची आम्हालाच शिक्षा का? दुसऱ्यानं विचारलं, नंबर कोण ठरवणार, या मॅडम? मला वाटलं साहेबांना यातलं काही ऐकू येत नसावं. मग त्यांनी टेबलावर हात ठेवला.

"नंबर वेळापत्रकावर लागेल," ते म्हणाले. "सकाळी नऊला यादी तुमच्या हातात. आधी येऊन फिरणाऱ्याला काही मिळणार नाही. ज्याचं विमान अजून जमिनीवर आहे त्यानं तिथंच उशिरा निघावं, जे हवेत आहे त्यानं सावकाश यावं. ज्याला फिरायची हौस आहे त्यानं खुशाल फिरावं."

एवढं झाल्यावर काम अगदी साधं होऊन गेलं. यादीतला नंबर पट्टीवर लाल पेन्सिलीनं मोठा लिहायचा, म्हणजे पाळी बदलली तरी नव्या माणसाला दिसेल. नागपूरचा म्हणायला लागला, "आता शिव्या नाही पडत मॅडम, आता तर विचारतेत, आज कितवा म्हणून." पहिले तीन-चार दिवस गडबड झाली. मग एक दिवस बारा वाजले तेव्हा माझ्या फळीवर फक्त दोन पट्ट्या होत्या, आणि बाकीची विमानं दूरवरून ओळीनं येत होती. मला काय करावं कळेना. कितीतरी दिवसांनी मी त्या वेळेला पाणी प्यायले.

त्यानंतर कामाचे दोनच आठवडे उरले होते. धावपट्टी दुरुस्त झाली, दहा ते बाराची बंदी उठली आणि ती यादीची पद्धतही बंद झाली. तिची फाइल कपाटात गेली. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त झाले. संध्याकाळच्या गर्दीला मी आणि नागपूरचा आपसांत थोडंफार चालवत राहिलो. मग त्याचीही बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यानं फोन करून सांगितलं, "जातो मॅडम. नव्या पोराले सांगून ठेवलं आहे तुमचं." नव्या माणसाच्या फार काही लक्षात राहिलं नाही. त्याला दोष देत नाही. मीही दर वेळी फोन करत नव्हते. दमलेलं असलं की माणूस जे आहे ते चालू देतो.

दोन हजार सालानंतर तिकिटं स्वस्त झाली आणि विमानं इतकी वाढली की आमच्या पाळ्यांचं गणितच बदललं. अवसरीच्या वर आता एकावर एक पाच-पाच मजले लागायला लागले. आई फोनवर सांगायची, "आज तर जत्राच भरलीया." फळ्या जाऊन संगणकाचे पडदे आले. मला एकदा प्रशिक्षणाला पाठवलं. तिथं एका तरुण अधिकाऱ्यानं पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं की विमानांना दुरूनच वेग कमी करायला सांगितला तर घिरट्या वाचतात, इंधन वाचतं, आणि आता हे संगणक करणार आहे. तो चांगलं शिकवत होता. मी मागच्या बाकावर होते. हात वर करून काही सांगावं असं एकदा मनात आलं, पण दुपारची वेळ होती, पंखा फिरत होता, आणि माझे डोळे मिटत होते.

दादा निवृत्त होऊन गावी आला होता. त्या सुमारास अवसरीला इंजिनिअरिंगचं कॉलेज झालं आणि तो तिथं गेटवर सुरक्षेच्या कामाला लागला. एकदा मी मंचरला उतरले तर तो स्टँडवरच भेटला, मोटारसायकलवर. मला मागं बसवलं. कॉलेजजवळ आल्यावर म्हणाला, पाळी सुरू व्हायला वेळ आहे, चहा घेऊ. टपरीवर आम्ही दोघंच होतो. मी तेव्हा ठरवून काही बोलले नाही. तो सहज म्हणाला, "आईला जाऊन किती वर्सं झाली बघ," आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"दादा, त्या दिवशी तुझं विमान मीच थांबवलं होतं."

मग मी सगळं सांगितलं. पट्टी, नंबर, रोलर, आखातातलं विमान. शेवटी, मला हायसं वाटलं होतं, तेही.

"कितवा व्हतो मी?" त्यानं विचारलं.

"सातवा."

"ज्याच्यात आजारी माणूस व्हता त्यो जगला का?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यानं मान हलवली. चहाचे पैसे दिले, मला घरापर्यंत सोडलं आणि पाळीवर गेला. त्यानंतर मी दोनदा गावी गेले. दोन्ही वेळा तो आमच्याकडं फिरकला नाही. भिंत एक, तरी फिरकला नाही. आई म्हणाली, "भांडलात का काय?" मी नाही म्हणाले. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वेळी सकाळीच तो ओट्यावर उभा होता. सोबत त्याची मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या हातात भरतीचा अर्ज होता, माझ्याच खात्याचा.

"हिला भरायचाय," तो म्हणाला. "तू सांग तिला कसं आसतंय त्ये. मला सांगितलंस तसं. काय झाकू नको." आणि उंबऱ्याबाहेर न थांबता आत येऊन आईजवळ बसला.

मी तिला सांगितलं. पाळ्या सांगितल्या, मानेचं दुखणं सांगितलं, सुट्टीचे दिवस कसे झोपेत जातात ते सांगितलं. तिच्या आजीचंही सांगितलं. ते तिला माहीत होतं, तिच्या बापानं आधीच सांगितलेलं होतं. तिनं एकच प्रश्न विचारला, "आत्या, तुम्हाला झोप लागते का?"

"कधी लागते," मी म्हणाले. "कधी नाही."

मग तिनं पेन उघडलं. मी तिला म्हणाले, नाव दाखल्यावर आहे तसंच लिही, वेलांटीचा फरक पडला तरी पुढं त्रास होतो.